मागची भिंत आणि माझा रँडम

होस्टेलच्या मागच्या भिंतीवर लेख लिहितोय म्हटल्यावर संपादक मंडळातल्या मित्राने पहिला प्रश्न विचारला, "भुर्जीची गाडी येणार का त्यात?" येणार आहे, पण ओझरती. लेख खरं तर प्रोग्रामिंगचा आहे. एखाद्या आकृतीच्या कडेवर रँडम बिंदू कसे टाकायचे, एवढाच विषय. ऐकून पान उलटू नका मित्रहो. गणित शाळेतल्या गुणाकार-भागाकाराच्या फारसं पुढे जात नाही, आणि त्यातल्या एका चुकीपायी आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या एका माणसाची नोकरी जाता जाता राहिली. ती चूक माझी होती.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. होस्टेलचं आवार म्हणजे एक लांबट आयत. पुढची भिंत रस्त्याच्या कडेने २१० मीटर. मागची तेवढीच, उसाच्या शेताला लागून. उरलेल्या दोन बाजू आखूड, ३०-३० मीटरच्या. एक सायकल स्टँडकडची, दुसरी मेसकडची. एकूण ४८० मीटर. (सिव्हिलच्या मित्रांनी टेप लावून मोजून दिलं. त्यांच्या मते एकही कोपरा काटकोनात नाही, पण ते बांधणाऱ्याचं पाप, ते इथे सोडून देऊ.)

रात्रपाळीला वॉचमन मामा. मामांची फेरी अकरा, एक आणि तीन वाजता. ही वेळ आम्हाला पाठ, भुर्जीच्या गाडीवाल्याला पाठ, आणि पुढे लक्षात आलं की चोरालाही पाठ असणार. सायकली जायला लागल्या तेव्हा रेक्टर सरांनी मला बोलावलं. मी नुकतंच सी शिकून स्वतःला फार मोठा समजत होतो. सर म्हणाले, "रोज रात्री भिंतीवरची सहा ठिकाणं काढून देणारं काहीतरी कर. कुठली येतील ते कोणालाच आधी कळता कामा नये. मामा त्या ठिकाणी जातील, खडूने खूण करतील, रजिस्टरात वेळ लिहितील."

मी अर्ध्या तासात प्रोग्राम लिहून दिला. विचार अगदी सरळ होता. भिंतीला बाजू चार. आधी चारपैकी एक बाजू रँडम निवडायची. मग त्या बाजूवर किती मीटरवर, तो आकडा रँडम काढायचा. असं सहा वेळा. भिंतीवर दर दहा मीटरला चुन्याने आकडे रंगवले, ऑफिसच्या प्रिंटरवर रोज आठ वाजता सहा चिठ्ठ्या निघायला लागल्या. सरांनी पहिल्या दोन दिवसांच्या चिठ्ठ्या पाहिल्या आणि म्हणाले, "हं, रँडम दिसतंय." मलाही दिसत होतं. चिठ्ठ्या मीच काढत असल्यामुळे त्या दिवसांत भुर्जी खायला जाणाऱ्या पब्लिकमध्ये माझी किंमत अचानक वाढली होती, पण मी त्याचा गैरफायदा घेतला नाही. एकदाच घेतला.

महिनाभराने, सबमिशनच्या ऐन धामधुमीत, मागच्या विंगच्या तळमजल्यावरून एक लॅपटॉप आणि दोन मोबाईल गेले. उसात पायांचे ठसे होते. भिंतीवरून कोण, कुठून आलं ते उघडच होतं. चौकशी बसली. कमिटीने रजिस्टर मागवलं. तीस रात्री, रात्रीला सहा, एकूण १८० नोंदी. पैकी पुढच्या भिंतीच्या ४३, सायकल स्टँडच्या ४९, मेसच्या ४७ आणि मागच्या भिंतीच्या ४१. एका सरांनी हिशोब केला: मागची भिंत जवळजवळ अर्धं आवार, आणि तिथे नोंदी पावभागसुद्धा नाहीत. मेस आणि स्टँडच्या चिमुकल्या बाजूंना मात्र निम्म्याहून जास्त. म्हणजे मामा अंधारात मागे जायचा कंटाळा करतात आणि मेसजवळ, उजेडात, चहाच्या आसपास घोटाळतात.

मग मला बोलावलं. "तुझा प्रोग्राम मागची ठिकाणं कमी देतो का?" मी ताठ मानेने सांगितलं, "नाही सर. प्रोग्राम पूर्ण रँडम आहे. सगळीकडे सारखेच पॉइंट पडतात."

हे वाक्य मी बोललो. दुसऱ्या दिवशी मामांना नोटीस गेली आणि ज्या ठेकेदाराकडून ते येत होते त्याला माणूस बदलायला सांगायचं ठरलं.

त्या संध्याकाळी मामा माझ्या रूमवर आले. हातात बिलं ओवतात तसली तार, आणि तिच्यात महिन्याभराच्या सगळ्या चिठ्ठ्या ओवलेल्या. म्हणाले, "तुमी शिकल्याली मान्सं. ह्ये मोजून बगा. चिठ्ठीत लिवलंय तितंच गेलोय मी. आता चिठ्ठीच मागं धाडत नसंल तर मी काय करू?"

मी मोजल्या. ४३, ४९, ४१, ४७. रजिस्टर आणि चिठ्ठ्या तंतोतंत जुळत होत्या. चोरीच्या रात्रीच्या सहा चिठ्ठ्यांत मागच्या भिंतीची एकही नव्हती. त्या रात्री मी जेवलो नाही, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आता चूक काय ते बघू. चार बाजूंतून एक निवडताना प्रत्येक बाजूला मी २५ टक्के संधी दिली. पण मेसकडच्या बाजूला ते २५ टक्के ३० मीटरमध्ये वाटायचेत आणि मागच्या भिंतीला २१० मीटरमध्ये. म्हणजे मेसजवळच्या एका मीटरला मागच्या एका मीटरच्या सातपट संधी. २१० भागिले ३०, सात. एवढं सोपं. प्रोग्राम रँडम होताच, त्यात खोट नव्हती. फक्त त्याने "बाजू" सारख्या मानल्या, "मीटर" नाही. चोर बाजू बघून चढत नाही, कुठल्याही मीटरवर चढतो.

खरा वाटा काय हवा? मागच्या भिंतीला २१० भागिले ४८०, म्हणजे ४३.७५ टक्के. मेसच्या बाजूला फक्त ६.२५ टक्के. १८० चिठ्ठ्यांत मागच्या भिंतीच्या साधारण ७९ यायला हव्या होत्या, आल्या ४१. त्याहून बोचरा हिशोब पुढचा. माझ्या प्रोग्रामात एक चिठ्ठी मागची भिंत चुकवण्याची शक्यता पाऊण. सहाच्या सहा चुकवण्याची शक्यता पाऊणचा सहावा घात, म्हणजे १७.८ टक्के. दर पाच-सहा रात्रींतून एक रात्र अशी की मागे कोणी फिरकणारच नाही. योग्य वाटा दिला असता तर हाच आकडा ५६.२५ टक्क्यांचा सहावा घात, म्हणजे ३.२ टक्के आला असता. महिन्यातून एखादी रात्र. चोरी अडलीच असती असं मी म्हणत नाही. पण मामा कामचुकार ठरले नसते, हे नक्की.

रात्रीच दुरुस्ती करायची ठरवली. रूममध्ये माझ्याशिवाय दोघं होते, दोघांच्याही डोक्यात कल्पना तयार, आणि दोन्ही चुकीच्या निघाल्या. पण त्या इतक्या छान चुकीच्या होत्या की त्यावर थोडं थांबायला हवं.

रूम पार्टनर म्हणाला, "बाजू निवडूच नकोस. आख्ख्या आवारात कुठेही एक रँडम ठिपका टाक आणि तो जवळच्या भिंतीला नेऊन चिकटव." ऐकायला झकास. आवारातला ठिपका टाकणं सोपं: लांबी एक रँडम आकडा, रुंदी दुसरा. मग चारपैकी जवळची भिंत शोधायची. आम्ही कागदावर आयत काढला आणि कुठल्या भागातले ठिपके कुठल्या भिंतीकडे जातील ते रंगवलं. आखूड बाजूंकडे ३० मीटर पाया आणि १५ मीटर उंचीचा एकेक त्रिकोण येतो, क्षेत्रफळ २२५ चौरस मीटर. लांब भिंतींकडे एकेक समलंब चौकोन, २९२५ चौरस मीटर. एकूण ६३००. टक्केवारी काढली तर मागच्या भिंतीला ४६.४ आणि मेसला ३.६. "आलं की जवळपास!" पार्टनर खूश.

पण चित्राकडे नीट बघा. भिंतीच्या मधल्या एखाद्या मीटरमागे १५ मीटर खोल पट्टा आहे, त्यात पडलेला ठिपका त्या मीटरला मिळतो. कोपऱ्याकडे जाल तसा पट्टा उथळ होत जातो, आणि अगदी कोपऱ्यात त्याची खोली शून्य. म्हणजे कोपऱ्याजवळ चिठ्ठी जवळजवळ कधीच निघणार नाही. आणि आमच्याकडे मागच्या भिंतीवर चढायची खरी जागा कुठली? मेसकडचा कोपरा, जिथे पिंपळाच्या मुळांनी पायऱ्याच करून ठेवल्यात. पुढचं सांगायला नको.

दुसरा ईएनटीसीचा, त्याला सगळीकडे कोन दिसतात. म्हणाला, "आवाराच्या मध्यभागी उभा राहा. ० ते ३६० मधला एक रँडम कोन घे. त्या दिशेला टॉर्च मार. उजेड भिंतीवर जिथे पडेल तो बिंदू." ही पद्धत मला फार आवडली, कारण दोन ओळींत लिहून होते. मध्यापासून मागची भिंत जवळजवळ १६४ अंशांत दिसते, म्हणजे ४५.५ टक्के. मेसची बाजू सुमारे १६ अंशांत, ४.५ टक्के. बाजूवार बेरीज पुन्हा बरोबरच्या जवळ!

या वेळी मात्र आम्ही शहाणे झालो होतो. बाजूची बेरीज न बघता मीटरचा हिशोब केला. भिंतीचा मधला मीटर टॉर्चपासून १५ मीटरवर आणि समोरासमोर. कोपऱ्यातला मीटर १०६ मीटरवर आणि अगदी तिरका, त्यामुळे टॉर्चच्या नजरेत तो रेघेएवढा दिसतो. दोन्हींचं गुणोत्तर काढलं तर मधल्या मीटरला कोपऱ्यातल्या मीटरच्या पन्नासपट संधी. मागच्या भिंतीचे फक्त मधले ३० मीटर घेतले तर ते बरोबर ९० अंशांत दिसतात, म्हणजे एकूण चिठ्ठ्यांतल्या २५ टक्के तिथेच. मामांना कॉमन रूमच्या मागे चटई टाकून दिली तरी चाललं असतं. माझी मूळ चूक सातपटीची होती, ही पन्नासपटीची, आणि तरी बाजूवार तक्त्यात ती लपून गेली असती.

या ठिकाणी एक जुनी गोष्ट सांगायचा मोह होतोय. जोसेफ बर्ट्रांड नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १८८९ साली एक कोडं घातलं. वर्तुळात एक जीवा रँडम काढली, तर ती आतल्या समभुज त्रिकोणाच्या बाजूपेक्षा लांब असण्याची शक्यता किती? जीवेची दोन टोकं परिघावर रँडम घेतली तर उत्तर एक तृतीयांश. एखाद्या त्रिज्येवर रँडम बिंदू घेऊन तो जीवेचा मध्य मानला तर एक द्वितीयांश. वर्तुळाच्या आतल्या जागेत कुठेही मध्यबिंदू घेतला तर एक चतुर्थांश. तिन्ही गणितं बरोबर. "रँडम" हा शब्द प्रश्नात होता, पण कशाच्या बाबतीत सारखं वाटायचं हे प्रश्नात नव्हतं. आमच्या रूममध्ये रात्री दीड वाजता नेमकं तेच चाललं होतं. एकाने बाजू सारख्या मानल्या, एकाने चौरस मीटर, एकाने अंश. मामांना पाहिजे होते सारखे मीटर.

बरोबर पद्धत यातली सगळ्यात गावठी आहे. ती म्हणजे भिंतीला हात लावून चालणं. ० ते १ मधला एक रँडम आकडा घ्या आणि त्याला ४८० ने गुणा. समजा आकडा आला ०.७३, तर अंतर ३५०.४ मीटर. आता गेटकडच्या ठरलेल्या कोपऱ्यापासून निघा. पुढची भिंत २१० ची, ती संपली, उरले १४०.४. सायकल स्टँडची ३०, संपली, उरले ११०.४. आता मागची भिंत २१० ची, आणि ११०.४ तिच्यात मावतात. थांबा. मागच्या भिंतीवर ११०.४ मीटर, हीच चिठ्ठी. रँडम आकडा एकच लागतो, बाजू वेगळी निवडावी लागत नाही. लांब बाजू आपोआप जास्त चिठ्ठ्या खाते.

या पद्धतीला आयताचीही गरज नाही. त्रिकोण असो, पंचकोन असो, मेसच्या मागे नवीन शेड झाल्यावर भिंतीला पडणारे दोन खाच असोत. कोपऱ्यांची यादी द्या, दोन लगतच्या कोपऱ्यांमधलं अंतर पायथागोरसने काढा, बेरीज करत जा. बाजू हजारांनी असतील तर दर वेळी पहिल्यापासून वजाबाकी करण्यापेक्षा बेरजांचा तक्ता एकदाच करून ठेवायचा आणि त्यात बायनरी सर्च लावायचा. डेटा स्ट्रक्चर्सच्या प्रॅक्टिकलला जो पाठ करून लिहिलात तोच.

दोन बारीक खाचखळगे होते, तेही सांगून टाकतो. पहिल्या प्रोग्रामात मी पूर्ण मीटरचे आकडे काढत होतो, ० पासून ३० पर्यंत, दोन्ही धरून. ती ३१ ठिकाणं होतात आणि प्रत्येक कोपरा दोन बाजूंना मोजला जातो. चालण्याच्या पद्धतीत ० धरायचा, पण ४८० धरायचा नाही, कारण तो पुन्हा तोच कोपरा. दुसरं, सी मधलं जुनं रँड फंक्शन बऱ्याच कंपायलरांत ० ते ३२७६७ एवढेच आकडे देतं. ४८० मीटर म्हणजे ४८००० सेंटीमीटर, तेव्हा कित्येक सेंटीमीटरांवर बिंदू पडूच शकत नाही. मामांना याने काही फरक पडत नाही, पण प्रोजेक्टात कोणाला पडेल. मी पुढचा प्रोग्राम पायथनमध्ये लिहिला, तिथे ही अडचण येत नाही.

आणि या वेळी तपासणी केली, जी पहिल्यांदा करायला हवी होती. भिंतीचे दहा-दहा मीटरचे ४८ तुकडे पाडले आणि ४८ हजार बिंदू टाकले. प्रत्येक तुकड्यात साधारण हजार यायला हवेत. तीसेक इकडे-तिकडे होणं स्वाभाविक, साठपर्यंतही फार दचकायचं कारण नाही. तसेच आले. मग जुना प्रोग्राम त्याच चाळणीतून काढला. मेसच्या तीन तुकड्यांत चार-चार हजार, मागच्या भिंतीच्या एकवीस तुकड्यांत पावणेसहाशेच्या आसपास. हे चित्र बघायला दहा मिनिटं लागली असती, आणि ती दहा मिनिटं मी महिनाभर उशिरा दिली.

सकाळी दोन्ही आलेख आणि चिठ्ठ्यांची तार घेऊन रेक्टर सरांकडे गेलो. सांगताना जीभ अडखळत होती. सरांनी ऐकून घेतलं, तारेतल्या चिठ्ठ्या स्वतः उलटून पाहिल्या, आणि फक्त एवढंच विचारलं, "काल कमिटीसमोर हे का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "सर, काल मला माहीत नव्हतं." "माहीत नव्हतं, तर खात्रीने का बोललास?" याला उत्तर नव्हतं, अजूनही नाही. दुपारी कमिटी पुन्हा बसली, मी पुन्हा उभा राहिलो, आणि नोटीस मागे घेतली गेली. रजिस्टरात मामांच्या नावापुढे तांबड्या शाईने लिहिलेला शेरा खोडून त्यावर सही झाली, हे मी स्वतः जाऊन बघून आलो.

त्याच बैठकीत एक सर म्हणाले, "मागे धोका जास्त आहे ना, मग मागे जास्तच पाठवा की." तेही करता येतं. चालताना मागची भिंत २१० ऐवजी ४२० मीटरची आहे असं समजायचं. एकूण ६९० होतात आणि तिचा वाटा ६१ टक्क्यांवर जातो. तूर्त ते नको ठरलं, कारण मग पुढच्या बाजूला रान मोकळं. पण ते ठरवून झालं. माझ्या हातून जे झालं होतं ते न ठरवता झालं होतं.

नवीन चिठ्ठ्या आठवडाभर चालल्या आणि मामांची तक्रार आली. "कवा कवा दोन चिठ्ठ्या चार पावलांवर येत्यात. एकदा जाऊन आलो, की पुन्ना तितंच?" मला आधी वाटलं आणखी काहीतरी बिघडलं. पण नाही, या वेळी हिशोब मामांच्या बाजूने नव्हता. खरोखर रँडम बिंदू असेच पडतात, झुबक्याने. ४८० मीटरच्या बंद भिंतीवर सहा बिंदू टाकले तर कुठलेतरी दोन पाच मीटरच्या आत येण्याची शक्यता २८ टक्क्यांच्या आसपास निघते; चार रात्रींतून एकदा तरी. "रँडम म्हणजे छान पसरलेलं" ही आपली समजूत. रांगोळीचे ठिपके पसरलेले असतात, पावसाचे थेंब नाही.

तक्रार मात्र रास्त होती, म्हणून तोडगा काढला. ४८० मीटरचे ८०-८० मीटरचे सहा पट्टे करायचे आणि प्रत्येक पट्ट्यात एकच बिंदू, पण पट्ट्यात कुठेही. शेवटी सहा चिठ्ठ्या पिसून द्यायच्या, म्हणजे आधी कुठे हे कळत नाही. प्रत्येक मीटरचा वाटा तेवढाच राहतो. आणि गंमत बघा: मागची भिंत २४० पासून ४५० पर्यंत, तेव्हा २४० ते ३२० आणि ३२० ते ४०० हे दोन पट्टे अख्खेच तिच्यावर येतात. म्हणजे रोज रात्री कमीत कमी दोन फेऱ्या मागे होणारच. मागे कोणीच नाही अशी रात्र आता शून्य टक्के. संख्याशास्त्राच्या पुस्तकात हे "स्तरित नमुना" या नावाने असतं. मामांच्या तक्रारीआधी मी ते परीक्षेपुरतं वाचलं होतं.

इथपर्यंत सगळ्या सरळ भिंती. वळणाची कड आली की काय, हे गॅदरिंगच्या वेळी कळलं. वर्तुळ हे नशीबवान जनावर आहे: रँडम कोन घ्या, त्रिज्या माहीत आहे, बिंदू मिळाला. एका अंशाला सगळीकडे तेवढीच कड, म्हणून ईएनटीसीवाल्याची टॉर्च इथे अगदी बरोबर चालते. धावपट्टीसारखा मिश्र आकारही चालून जमतो. चारशे मीटरच्या प्रमाण ट्रॅकवर मोजणीच्या रेषेने दोन सरळ भाग ८४.३९ मीटरचे, आणि दोन अर्धवर्तुळं ३६.८० मीटर त्रिज्येची. सरळ भागांचा वाटा ४२ टक्के, वळणांचा ५८. चालत जा, सरळ भागावर अंतर मोजा, वळणावर अंतर भागिले त्रिज्या करून कोन काढा.

पण आपल्या मेन बिल्डिंगसमोरचं लॉन लंबवर्तुळाकार आहे, ३० मीटर लांब आणि १० मीटर रुंद. गॅदरिंगवाल्यांना त्याच्या कडेने साठ पणत्या "विस्कटलेल्या" ठेवायच्या होत्या, ओळीत नको. माझी कीर्ती एव्हाना पसरलेली. मी झटकन पुस्तकातलं सूत्र घेतलं: एक निर्देशांक १५ गुणिले कोनाचा कोसाइन, दुसरा ५ गुणिले साइन, कोन रँडम. स्क्रीनवर चित्र आलं आणि पुन्हा तेच! दोन टोकदार बाजूंना पणत्यांची दाटी, लांब पसरट बाजूंना विरळ.

कारण आता तुम्हीच सांगाल. या सूत्रात कोन एका अंशाने सरकवला तर टोकापाशी बिंदू ९ सेंटीमीटर सरकतो आणि पसरट बाजूच्या मधोमध २६ सेंटीमीटर. अंश सारखे, सेंटीमीटर तिप्पट. म्हणून टोकाला मीटरमागे तिप्पट पणत्या. मग चालून बघू म्हटलं, तर लंबवर्तुळाची कड मोजायला वर्तुळासारखं साधं सूत्रच नाही. आपल्या रामानुजनने १९१४ च्या निबंधात परिघाची सुरेख अंदाजी सूत्रं दिलीत. आमच्या लॉनला त्यातल्या एकाने ६६.८ मीटर येतात. पण तो सगळा परीघ झाला, अमुक मीटर चालल्यावर कुठे पोचलो हे त्यातून कळत नाही.

यावर दोन उपाय आहेत. एक अभिजात: रँडम कोन घ्या, त्या ठिकाणी एका अंशाला किती कड येते ते काढा, त्याला सगळ्यात मोठ्या कडेने भागा. उत्तर ० ते १ मधलं येईल. आता आणखी एक रँडम आकडा काढा. तो या उत्तरापेक्षा लहान असेल तर बिंदू ठेवा, नाहीतर फेकून पुन्हा पहिल्यापासून. टोकाजवळचे बिंदू तीनपैकी दोनदा फेकले जातात, पसरट बाजूचे जवळजवळ सगळे टिकतात, आणि दाटी सारखी होते. शंभरातले साधारण ७१ टिकतात. घ्यायचं किंवा फेकायचं ही युक्ती फॉन नॉयमनने १९५१ साली छापलेल्या टिपणात दिली आहे. इतकी साधी की आधी फसवणूकच वाटते.

दुसरा उपाय आपला भिंतवाला. लंबवर्तुळाच्या कडेवर हजार बिंदू ओळीने घ्या, ते सरळ रेघांनी जोडा, झाला हजार बाजूंचा बहुभुज. त्यावर मामांचा प्रोग्राम चालवा. एकही ओळ बदलावी लागत नाही, फक्त कोपऱ्यांची यादी मोठी होते. बाजू कमी-जास्त लांबीच्या आहेत, असू देत. लांबीप्रमाणे वाटा देणं हेच तर तो करतो. मी हाच वापरला. प्राध्यापकांना पहिला जास्त आवडेल, व्हायवाला तोच सांगा.

गॅदरिंगच्या संध्याकाळी टेप आणि यादी घेऊन आम्ही चौघं लॉनभोवती पणत्या मांडत होतो. मामांची ड्यूटी त्या दिवशी तिथेच होती. थोडा वेळ बघत राहिले, मग जवळ येऊन माझ्या हातातला कागद वाकून पाहिला. म्हणाले, "ह्ये बी चिठ्ठीवरच व्हय?" मी हो म्हटलं. त्यांनी लॉनच्या दोन्ही टोकांना जाऊन पणत्या मोजल्या, परत येऊन मधल्या मोजल्या, आणि काही न बोलता काडेपेटी काढून लावायला सुरुवात केली.